नागपूर रेसिडेन्सी

नागपूर रेसिडेन्सी ही नागपूरकर भोसल्यांच्या दरबारातील ईस्ट इंडिया कंपनीची राजनैतिक कचेरी होती. डिसेंबर १८०३ मधील देवगावच्या तहानंतर ती कायमस्वरूपी स्थापन झाली आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होईपर्यंत अस्तित्वात होती. तिच्या प्रमुखास रेसिडेंट म्हणत. आरंभी रेसिडेंट हा कंपनीचा वकील होता. पुढे भोसल्यांनी पेशवे, शिंदे, होळकर, निजाम आणि भोपाळचे नवाब या शेजारी सत्ताधीशांशी कोणता व्यवहार करावा, कोणाचा वकील ठेवून घ्यावा आणि कोणाच्या पत्रास उत्तर द्यावे, हे ठरवण्याचा अधिकार क्रमाक्रमाने त्याच्या हाती गेला. शेजाऱ्यांमधील परस्परसंबंधांवर देखरेख ठेवून राज्य अंकित करण्याच्या ब्रिटिश पद्धतीचे मराठी मुलखातील एक ठळक उदाहरण म्हणून या रेसिडेन्सीचा अभ्यास केला जातो.

आजच्या गोंदिया जिल्ह्यातील सौंदड व त्याभोवतीचा प्रदेश त्या काळी नागपूर राज्याच्या वैनगंगा खोऱ्यातील मुलखात मोडत असे. त्यामुळे नागपूरच्या रेसिडेन्सीत झालेल्या निर्णयांचा या भागाच्या इतिहासाशीही संबंध येतो.

पार्श्वभूमी

नागपूरकर भोसले हे मराठा राज्यसंघाचे घटक होते. छत्रपतींनी दिलेला 'सेनासाहेब सुभा' हा त्यांचा किताब होता. छत्रपती शाहूंच्या मृत्यूनंतर राज्यसंघाची सूत्रे पेशव्यांकडे आली. त्यामुळे नागपूरच्या गादीवर बसणारा भोसला पुण्याहून वस्त्रे मिळवीत असे. पहिले रघूजी (मृत्यू १७५५), जानोजी (मृत्यू १७७२), मुधोजी (मृत्यू १७८८) आणि दुसरे रघूजी (मृत्यू १८१६) यांच्या काळात नागपूरचे पुण्याशी संबंध कधी सख्याचे, तर कधी उघड वैराचे राहिले.

या काळात नागपूरचे राजकारण मुख्यतः वकिलांमार्फत चाले. पुणे, हैदराबाद आणि कलकत्ता येथे भोसल्यांचे वकील असत. अठराव्या शतकातील मुत्सद्द्यांमध्ये 'साडेतीन शहाणे' म्हणून ज्यांचा उल्लेख होतो, त्यांपैकी देवाजीपंत चोरघडे हे नागपूर दरबारचे होते. मुधोजींचे वकील बेनीराम पंडित यांनी वॉरन हेस्टिंग्जच्या काळात कलकत्त्याशी असलेला संबंध सांभाळला. एकाच वेळी पुणे, हैदराबाद आणि कलकत्ता यांच्याशी वाटाघाटी चालू ठेवून त्यांतून लाभ साधणे, हे नागपूरच्या धोरणाचे वैशिष्ट्य होते.

परराष्ट्रसंबंधांवर वरिष्ठ सत्तेने बंधन घालण्याची कल्पना मराठ्यांना नवी नव्हती. माधवराव पेशवे आणि जानोजी भोसले यांच्यात १७६९ मध्ये झालेल्या कनकापूरच्या तहाने दिल्लीचा बादशहा, इंग्रज, रोहिले आणि अयोध्येचा नवाब यांच्याशी राजकीय पत्रव्यवहार न करण्याची अट जानोजींनी मान्य केली होती. फौज वाढवण्यास वा घटवण्यास पेशव्यांची अनुमती घ्यावी, अशीही अट त्या तहात होती. मात्र हे बंधन राज्यसंघाच्या प्रमुखाने संघातील घटकावर घातलेले होते आणि ते प्रत्यक्षात सैलपणेच पाळले गेले. पुढे ब्रिटिशांनी घातलेल्या बंधनात राज्यसंघाचा प्रमुख असलेला पेशवाच नागपूरच्या दृष्टीने 'परकी सत्ता' ठरला. या दोन व्यवस्थांतील मूलभूत फरक तो हाच होय.

आरंभीचे ब्रिटिश वकील

कलकत्त्याहून नागपूरला वकील पाठवण्याचे प्रयत्न १७७८ पासून झाले. त्या वर्षी निघालेला अलेक्झांडर एलियट वाटेतच मरण पावला. नंतर आलेला जॉर्ज फॉर्स्टर १७९१ मध्ये नागपूर येथेच वारला. १७९९ मध्ये संस्कृतचा प्रसिद्ध अभ्यासक हेन्री टॉमस कोलब्रुक याची नेमणूक झाली. भोसल्यांना कंपनीच्या बाजूने मैत्रीच्या तहात ओढणे हा त्याच्या वकिलातीचा हेतू होता. दुसऱ्या रघूजींनी ही सूचना स्वीकारली नाही आणि १८०१ मध्ये कोलब्रुक परत गेला. या काळात ब्रिटिश प्रतिनिधी हा दरबारात येणाऱ्या अनेक वकिलांपैकी एक होता आणि दरबाराच्या इतर संबंधांवर त्याचा कोणताही अधिकार नव्हता.

देवगावचा तह (१८०३)

३१ डिसेंबर १८०२ रोजी दुसऱ्या बाजीरावाने वसईचा तह करून कंपनीची तैनाती फौज स्वीकारली. तो तह शिंदे व भोसले यांना मान्य नव्हता. त्यातून उद्भवलेल्या दुसऱ्या इंग्रज-मराठा युद्धात २३ सप्टेंबर १८०३ रोजी असई येथे आणि २९ नोव्हेंबर रोजी अडगाव येथे आर्थर वेलस्लीने मराठा फौजांचा पराभव केला. १५ डिसेंबर रोजी गाविलगड पडला. त्यानंतर दोनच दिवसांनी, १७ डिसेंबर १८०३ रोजी, देवगाव येथे रघूजींच्या वतीने वकील यशवंतराव रामचंद्र यांनी तह केला.

या तहाने कटक व बालासोर कंपनीकडे गेले आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील वऱ्हाडावरील हक्क भोसल्यांनी सोडला. नागपूरच्या परराष्ट्रसंबंधांच्या दृष्टीने पुढील अटी महत्त्वाच्या होत्या :

• शिंदे व इतर मराठा सरदार यांच्याशी केलेला संघ भोसल्यांनी मोडावा.
• निजाम व पेशवे यांच्याशी असलेल्या किंवा पुढे उद्भवणाऱ्या वादांत कंपनीने मध्यस्थी करून निवाडा द्यावा.
• कंपनीच्या संमतीवाचून, तिच्याशी युद्ध चालू असलेल्या युरोपीय राष्ट्रांचे लोक किंवा ब्रिटिश प्रजाजन नोकरीस ठेवू नयेत.
• दोन्ही सरकारांनी एकमेकांच्या दरबारी अधिकृत वकील ठेवावेत.

शेवटच्या अटीनुसार माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याची नागपुरास नेमणूक झाली आणि रेसिडेन्सी कायम झाली. अट दोन्ही बाजूंना सारखी लागू असली, तरी तिचा परिणाम सारखा झाला नाही. भोसल्यांचा वकील कलकत्त्यात केवळ प्रतिनिधी राहिला. नागपुरातील रेसिडेंट मात्र तहाच्या अंमलबजावणीचा पहारेकरी ठरला. तरीही दुसऱ्या रघूजींनी तैनाती फौज स्वीकारली नाही आणि मृत्यूपर्यंत त्या प्रस्तावास ते नकार देत राहिले.

मध्यस्थीकडून देखरेखीकडे (१८०४–१८१६)

एल्फिन्स्टन १८०८ पर्यंत नागपुरात होता. त्याच्यानंतर रिचर्ड जेंकिन्स याने रेसिडेन्सीचा कारभार पाहिला आणि काही खंड वगळता १८२७ पर्यंत तो नागपुरातच राहिला.

१८०९ मध्ये अमीरखान पेंढाऱ्याने नागपूरच्या मुलखावर स्वारी केली. तैनाती तह झालेला नसतानाही गव्हर्नर जनरल लॉर्ड मिंटो याने कर्नल बॅरी क्लोज याच्या हाताखाली फौज पाठवली. नागपूरच्या संरक्षणाची जबाबदारी आपण न मागताही घेऊ शकतो, हे कंपनीने या प्रसंगी दाखवून दिले.

भोपाळचे प्रकरण याच्या उलट बाजूचे होते. १८१३–१४ मध्ये शिंदे व भोसले यांच्या फौजांनी मिळून भोपाळला वेढा घातला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्ज याने भोपाळला आश्रय देण्याचा विचार जाहीर केला आणि रेसिडेंटामार्फत नागपूर दरबारास इशारा दिला. तेव्हा रघूजींनी माघार घेतली. शेजारी राज्याशी युद्ध करावे की नाही, हा प्रश्नही आता रेसिडेन्सीच्या कक्षेत आला होता.

देखरेखीची साधने

रेसिडेन्सी शहराच्या पश्चिमेस, सीताबर्डीच्या टेकडीपलीकडे होती. रेसिडेंटचा दरबाराशी संबंध मुनशी व दरबारचे वकील यांच्यामार्फत चाले. याशिवाय पुढील साधने वापरली जात :

बातमीदार : दरबारात, बाजारात आणि छावण्यांत बातमी टिपणारे अखबारनवीस व हरकारे नेमलेले असत. कोणत्या गावचा वकील आला, कोणाच्या वाड्यात उतरला आणि त्याची किती वेळ भेट झाली, याच्या नोंदी रेसिडेंटकडे पोहोचत.

डाक : कंपनीची डाक पुणे, हैदराबाद, ग्वाल्हेर व कलकत्ता यांना जोडणारी होती. एका दरबारातील रेसिडेंट दुसऱ्या दरबारातील रेसिडेंटास थेट लिहू शकत असे. १८११ पासून एल्फिन्स्टन पुण्यात आणि जेंकिन्स नागपुरात होता. त्यामुळे पेशवे व भोसले यांनी एकमेकांस काय लिहिले, याची खातरजमा दोन्ही टोकांस करता येत असे. ज्या काळात दोन मराठी दरबारांमधील पत्रव्यवहार संशयास्पद ठरत होता, त्याच काळात त्या दरबारांतील दोन ब्रिटिश अधिकाऱ्यांचा पत्रव्यवहार मात्र निर्वेध चालू होता.

समारंभ : दरबारातील बैठक, नजराणा, खिलत आणि किताब यांना राजकीय अर्थ असल्याने रेसिडेंट त्यांवरही लक्ष ठेवी. एखाद्या समारंभास त्याने उपस्थित राहणे म्हणजे संमती आणि गैरहजर राहणे म्हणजे निषेध, असे मानले जाई.

१८१६ चा तैनाती तह

२२ मार्च १८१६ रोजी दुसरे रघूजी मरण पावले. त्यांचे पुत्र परसोजी कारभार पाहण्यास असमर्थ होते. रघूजींच्या राणी बाकाबाई आणि धर्माजी भोसले यांचा पक्ष एका बाजूस, तर रघूजींचे पुतणे मुधोजी ऊर्फ आप्पासाहेब दुसऱ्या बाजूस, असा संघर्ष सुरू झाला. आप्पासाहेबांना आपला अधिकार टिकवण्यासाठी ब्रिटिशांचा आधार हवा होता. रघूजींनी नाकारलेला तैनाती तह मे १८१६ मध्ये गुप्त वाटाघाटी करून त्यांनी जेंकिन्सशी केला.

या तहानुसार कंपनीची फौज नागपूर राज्यात आली आणि तिच्या खर्चासाठी दरसाल साडेसात लाख रुपये देण्याचे ठरले. याखेरीज ३,००० घोडेस्वार व २,००० पायदळ अशी स्वतःची फौज सज्ज ठेवण्याचे नागपूरने मान्य केले. कंपनीस आगाऊ कळवून तिच्याशी विचारविनिमय केल्याशिवाय इतर कोणत्याही सत्तेशी वाटाघाट सुरू करू नये वा पुढे चालवू नये, असे बंधन त्यात होते. शेजाऱ्यांशी वाद झाल्यास त्याचा निकाल कंपनीकडे सोपवावयाचा होता.

१ फेब्रुवारी १८१७ रोजी परसोजींचा मृत्यू झाला आणि आप्पासाहेब गादीवर आले. गादी निर्वेध झाल्यावर ज्या तहाच्या आधारे ती मिळाली, तोच तह त्यांना अडचणीचा वाटू लागला.

खिलतीचा प्रसंग व सीताबर्डीची लढाई

१३ जून १८१७ रोजी पुण्याच्या तहाने बाजीरावाने मराठा राज्यसंघाच्या प्रमुखपदावरील हक्क सोडला. परदरबारी वकील न ठेवणे आणि इतर सत्तांशी रेसिडेंटामार्फतच व्यवहार करणे, या अटीही त्याने मान्य केल्या. नागपूर व पुणे ही दोन्ही टोके अशा रीतीने कराराने बांधली गेली. तरीही दोन्ही दरबारांत गुप्त संपर्क राहिला.

५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकी येथे पेशवे व इंग्रज यांच्यात युद्ध सुरू झाले. त्याच महिन्यात पेशव्यांकडून आप्पासाहेबांसाठी खिलत, जरीपटका आणि सेनासाहेब सुभा या पदाची वस्त्रे आली. २४ नोव्हेंबर रोजी ती समारंभपूर्वक स्वीकारण्याचे ठरले आणि समारंभाचे निमंत्रण जेंकिन्सलाही पाठवण्यात आले. कंपनीशी युद्ध करणाऱ्या सत्तेकडून असा मान स्वीकारणे तहाविरुद्ध आहे, असे कळवून जेंकिन्सने उपस्थित राहण्यास नकार दिला. आप्पासाहेबांनी समारंभ पार पाडला.

या प्रसंगाकडे दोन दृष्टींनी पाहता येते. नागपूर दरबाराच्या दृष्टीने पुण्याची वस्त्रे घेणे हा पिढ्यान्‌पिढ्यांचा परिपाठ होता आणि त्यावाचून गादीला पूर्ण मान्यता येत नसे. रेसिडेंटच्या दृष्टीने तो शत्रूशी केलेला परराष्ट्रव्यवहार होता. आप्पासाहेबांनी त्याच वेळी फौज जमवणे चालू ठेवल्याने समारंभाचा राजकीय अर्थ दोन्ही पक्षांना स्पष्ट होता.

२६ नोव्हेंबरच्या संध्याकाळी सीताबर्डीच्या टेकड्यांवर लढाई सुरू झाली व ती २७ तारखेस दुपारपर्यंत चालली. लेफ्टनंट कर्नल हॉप्टन स्कॉट याच्या हाताखाली सुमारे १,४०० शिपाई होते. भोसल्यांची फौज त्याच्या अनेक पटींनी मोठी होती आणि तिच्यात अरब शिपायांची मोठी तुकडी होती. लहान टेकडी अरबांनी काबीज केली. परंतु कॅप्टन फिट्झजेराल्डच्या घोडदळाने केलेला हल्ला आणि त्यानंतर पायदळाने केलेली चढाई यांमुळे लढाईचे पारडे फिरले. रेसिडेंटचा साहाय्यक सोथबी या लढाईत मारला गेला. डिसेंबरमध्ये कुमक येऊन पोहोचल्यावर आप्पासाहेबांनी १६ डिसेंबर रोजी शरणागती पत्करली. अरब शिपायांनी मात्र शहर सोडण्यास नकार दिला आणि महिनाअखेरीपर्यंत ते लढत राहिले.

१८१८ ची व्यवस्था व आप्पासाहेबांची पदच्युती

६ जानेवारी १८१८ रोजी झालेल्या तात्पुरत्या करारानुसार नर्मदेच्या उत्तरेकडील प्रदेशासह मोठा मुलूख कंपनीकडे गेला. राज्यकारभार रेसिडेंटच्या सल्ल्याने आणि कंपनीच्या विश्वासातील मंत्र्यांमार्फत चालवण्याचे ठरले. सीताबर्डीच्या टेकड्याही कंपनीकडे गेल्या. योगायोगाने याच दिवशी मंदसौर येथे होळकरांशी तह झाला व त्यातही रेसिडेंटच्या माहितीवाचून इतर सत्तांशी वकिलांची देवाणघेवाण न करण्याची अट होती.

यानंतर बाजीरावाशी संधान ठेवल्याचा आणि गोंड जमीनदारांना विरोधास प्रवृत्त केल्याचा आरोप आप्पासाहेबांवर ठेवण्यात आला. मार्च १८१८ मध्ये त्यांना अटक झाली. अलाहाबादकडे नेत असताना मे महिन्यात ते निसटले व महादेव डोंगरांत गोंडांच्या आश्रयास गेले. पुढे असीरगड, पंजाब अशी भटकंती करून ते जोधपूरच्या आश्रयास राहिले. १८४० मध्ये तेथेच त्यांचा मृत्यू झाला.

वैनगंगा खोऱ्यातही या घडामोडींचे पडसाद उमटले. आजच्या गोंदिया तालुक्यातील कामठा येथील जमीनदार चिमणा पाटील यांनी आप्पासाहेबांच्या बाजूने उठाव केला. १८१८ मध्ये कॅप्टन गॉर्डनच्या तुकडीने कामठा घेतला आणि उठाव मोडला.

जेंकिन्सचा कारभार व १८२६ चा तह

जून १८१८ मध्ये दुसऱ्या रघूजींचा अल्पवयीन दौहित्र दत्तक म्हणून गादीवर बसवण्यात आला. तो तिसरा रघूजी होय. त्याच्या वतीने १८२६ पर्यंत जेंकिन्सने राज्याचा कारभार पाहिला. सौंदडच्या परिसराचा समावेश असलेल्या वैनगंगा प्रांताचे मुख्य ठाणे भंडारा येथे होते. या काळातील महसूल, जमीनदाऱ्या व लोकजीवन यांविषयी जेंकिन्सने लिहिलेला अहवाल १८२७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो विदर्भाच्या इतिहासाचे महत्त्वाचे साधन मानला जातो.

डिसेंबर १८२६ मध्ये राजास कारभार सोपवताना नवा तह झाला. साताऱ्याचे छत्रपती व इतर मराठा सत्ता यांच्यावरील अवलंबित्व आणि त्यांच्याशी असलेला संबंध राजाने कायमचा सोडावा, त्या संबंधाचे द्योतक असलेले समारंभ बंद करावेत आणि परराज्यांशी रेसिडेंटखेरीज अन्य मार्गाने पत्रव्यवहार करू नये, असे त्यात ठरले. १८१६ च्या तहात वाटाघाटीपूर्वी विचारविनिमय करण्याची अट होती. १८२६ मध्ये स्वतंत्र वाटाघाटीचा मार्गच बंद झाला. १८२९ मध्ये तहात दुरुस्ती होऊन काही अंतर्गत अधिकार राजाला परत मिळाले. परराष्ट्रव्यवहाराचे बंधन मात्र कायम राहिले.

साताऱ्याचे प्रकरण (१८३९)

या बंधनाचा परिणाम नागपूरच्या सीमेबाहेरही दिसून आला. साताऱ्याशी १८१९ मध्ये झालेल्या तहातही परसत्ता व इतर सरदार यांच्याशी संबंध न ठेवण्याची अट होती. १८३९ मध्ये छत्रपती प्रतापसिंह यांना पदच्युत करताना त्यांच्यावर तीन मुख्य आरोप ठेवण्यात आले : कंपनीच्या शिपायांना फितवणे, गोव्याच्या पोर्तुगीज सरकारशी संधान बांधणे आणि जोधपुरास राहणाऱ्या आप्पासाहेब भोसल्यांशी पत्रव्यवहार करणे. प्रतापसिंहांनी हे आरोप नाकारले. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते यांनी लंडनमध्ये दीर्घकाळ प्रयत्न केले, पण त्यांस यश आले नाही. एकेकाळी छत्रपती व सेनासाहेब सुभा यांच्यात पत्रव्यवहार होणे हा राज्यव्यवहाराचा भाग होता. १८३९ पर्यंत त्याच घराण्यांतील पत्र हे गादी जाण्यास पुरेसे कारण ठरू लागले होते.

अखेर

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. तेव्हाचा रेसिडेंट मॅन्सेल याने राज्य टिकवण्याच्या बाजूने मत दिले होते. गव्हर्नर जनरल डलहौसी याने ते मान्य केले नाही आणि १८५४ मध्ये नागपूर खालसा करण्यात आले. रेसिडेंटचे पद संपून त्या जागी कमिशनर आला. १८६१ मध्ये हा प्रदेश नव्याने स्थापन झालेल्या मध्य प्रांतात समाविष्ट झाला.

तुलना

नागपूरसारख्या दरबारांत सिद्ध झालेली ही पद्धत पुढे इराणच्या आखातातही वापरली गेली. तेथील ब्रिटिश रेसिडेंट बुशहर येथे राहत असे आणि १८७३ पर्यंत तो मुंबई सरकारच्या अखत्यारीत होता. १८२० चा सर्वसाधारण तह आणि १८५३ चा कायमचा सागरी शांततेचा तह यांनी किनाऱ्यावरील अरब शेखांच्या आपसांतील सागरी लढाया थांबवून त्यांचे वाद ब्रिटिश निवाड्याखाली आणले. १८९२ मध्ये अबू धाबी, दुबई, शारजा इत्यादींच्या शेखांनी ब्रिटिशांखेरीज कोणत्याही सत्तेशी करार वा पत्रव्यवहार न करण्याचे लिहून दिले. बहरीन (१८८० व १८९२), कुवेत (१८९९) आणि कतार (१९१६) यांच्याशीही याच आशयाचे करार झाले.

दोन्ही ठिकाणी पहिली पायरी शेजाऱ्यांमधील वादात मध्यस्थी करण्याची होती आणि पुढची पायरी पत्रव्यवहारावर बंधन घालण्याची होती. फरक अखेरीत आहे. नागपूरचे राज्य खालसा झाले. आखाती अमिराती मात्र संरक्षित राज्ये म्हणून टिकल्या आणि १९७१ पर्यंत ब्रिटिश नियंत्रणातून बाहेर पडल्या.

मूल्यमापन व साधने

नागपूर राज्याचा मुलूख १८०३ व १८१८ मध्ये युद्धानंतर कमी झाला. परंतु राज्याच्या स्वातंत्र्याचा ऱ्हास केवळ मुलूख गमावण्याने झाला नाही. शेजाऱ्यांशी स्वतः बोलण्याचा अधिकार गेल्यावर संकटकाळी मित्र शोधण्याची शक्यताही उरली नाही. दुसरीकडे, अमीरखानाच्या स्वारीसारख्या प्रसंगी नागपूरला ब्रिटिश फौजेचे संरक्षण मिळाले. आप्पासाहेबांनी स्वतःच्या सत्तेसाठी तैनाती तह आपण होऊन स्वीकारला होता, हेही विसरता येत नाही. वाढत्या नियंत्रणाला दरबारातील अंतर्गत कलहाने वाट करून दिली.

या विषयावरील बहुतेक उपलब्ध कागदपत्रे रेसिडेंटच्या कचेरीतील आहेत. पुणे रेसिडेन्सी पत्रव्यवहाराच्या मालिकेतील नागपूरविषयक खंड यादव माधव काळे यांनी संपादित केला, तर नागपूर रेसिडेन्सीच्या कागदपत्रांतील निवडक भाग ह. ना. सिन्हा यांनी प्रसिद्ध केला. दरबाराची बाजू बखरी व विखुरलेल्या मराठी पत्रांतून समजून घ्यावी लागते. म्हणून १८१७ च्या घटनांचे रेसिडेन्सीच्या कागदांतील वर्णन वाचताना ते त्या संघर्षातील एका पक्षाचे कथन आहे, हे ध्यानात घेणे आवश्यक ठरते.